पाद्रे बिनधास्त, माद्रे जपून

मॅडम,
मी मूळचा पुण्याचा. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने गेल्या वर्षी मला मेक्सिकोत, केरेतारोच्या प्लान्टवर पाठवलं. निघण्याआधी स्पॅनिशच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, म्हणून वाटलं आपलं भागेल. पण अगदी पहिल्या धड्यातला शब्दच रोज आडवा येतोय. 'माद्रे' म्हणजे आई. च्यायला, हे तर पाठ होतं! इथे मशीन बिघडलं तरी माद्रे, पार्टी रंगली तरी माद्रे, कंटाळा आला तरी माद्रे. एका सहकाऱ्याने सांगितलं की 'पाद्रे' म्हणजे भारी. मी व्याकरण लावलं: जेवण स्त्रीलिंगी, तेव्हा घरमालकीणबाईंना म्हणालो, 'ला कोमीदा एस्ता माद्रे'. त्यांचा नातू हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. मग आमच्या मुकादमाची आई आजारी आहे असं कळलं, म्हणून आस्थेने विचारलं, 'कोमो एस्ता तु माद्रे?' बाजूचे दोघं 'ऊऊऊ' करून ओरडले. मुकादम हसला नाही.
मी हे सगळं सोडून पुस्तकी स्पॅनिशच बोलू का? की तुम्ही मला या शब्दाच्या सगळ्या अर्थांची यादी द्याल? आणि आईवरून एवढं बोलणारी ही माणसं आईला एवढी मानतात कशी? च्यायला, डोकं चालत नाही. पुढच्या महिन्यात पुण्याहून साहेब येतायत आणि दुभाषा मीच आहे.
– गोंधळलेला, केरेतारो

प्रिय गोंधळलेल्या,

आधी तुझंच पत्र पुन्हा वाच. त्यात दोनदा 'च्यायला' आहे. तुझ्या आईच्या वयाच्या, कधी न भेटलेल्या बाईला तू ते लिहिलंस, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं असतं तर पत्र छापलंच नसतं. पण तो शब्द जरा सोलून बघ. आत 'आईला' आहे आणि तिच्यापुढचं क्रियापद आपण केव्हाच गिळून टाकलंय. 'आयला', 'मायला' ही त्याचीच भावंडं. 'आयच्या गावात' म्हणजे शिवीच्या तोंडापर्यंत जाऊन ऐनवेळी गल्ली बदलणं. मालवणकडचा माणूस 'आयचा घो' म्हणतो तेव्हा त्यात कधी राग असतो, कधी कौतुक, कधी नुसता उसासा. तेच वाक्य पुण्याहून गेलेल्या तू पहिल्याच दिवशी मालवणच्या बाजारात एखाद्या दुकानदाराला ऐकवून बघ, म्हणजे फरक कळेल.

आता उलटं कर. तुझ्या प्लान्टवरचा एखादा मेक्सिकन मराठी शिकतोय आणि तुझ्याकडे यादी मागतोय असं धर. यादीत तू 'च्यायला' पुढे काय लिहिशील? 'आश्चर्य'? मग तो तुझ्या आजोबांना नमस्कार करताना म्हणेल, 'च्यायला, किती सुंदर घर!' अर्थ बरोबर, प्रसंगाचं वाटोळं. म्हणून यादी मिळणार नाही. त्याऐवजी हा शब्द ऐकायचा कसा, ते सांगते. बोलायचं नंतर बघू.

सोप्यापासून सुरुवात करू. 'पाद्रे' हा शब्द आपल्याला परका नाही. पोर्तुगिजांबरोबर तो आला आणि मराठीत 'पाद्री' होऊन राहिला. खुद्द स्पेनमध्येही तो नामाच्या मागे लागून 'प्रचंड' अशा अर्थाने येतो: 'उन एस्कांदालो पाद्रे' म्हणजे केवढातरी मोठा गोंधळ, 'ला विदा पाद्रे' म्हणजे ऐषआरामाचं जगणं. मेक्सिकोत त्याचा अर्थ 'छान, भारी' असा झाला. 'के पाद्रे!' म्हणजे 'बाप!' आपली पोरं 'बाप काम केलंस' म्हणतात ना, जवळजवळ तेच. त्यामुळे मराठी विद्यार्थ्यांना हा शब्द समजावण्यात माझा वेळ कधी जात नाही. मेक्सिकोत आजी म्हणते, शाळेतली पोरं म्हणतात, टीव्हीवरची निवेदिका म्हणते. फारच भारी असेल तर 'पाद्रीसिमो'. हा तू बिनधास्त वापर. फक्त मेक्सिकोपुरता. माद्रिदला तो 'ग्वाय' होतो, बोगोताला 'चेवेरे'. तिथे 'के पाद्रे' म्हणालास तर समजेल, पण तू कुठे स्पॅनिश शिकलास हेही लगेच समजेल.

तुझा नियम कुठे घसरला ते बघ. आपण 'बाप सिनेमा' म्हणतो आणि 'बाप गाडी'ही म्हणतो. गाडी स्त्रीलिंगी म्हणून 'आई गाडी' म्हणतो का? तसंच हे. पेलिकुला (सिनेमा) स्त्रीलिंगी असली तरी 'ला पेलिकुला एस्ता पाद्रे'. वचन मात्र बदलतं: 'उनोस सापातोस मुय पाद्रेस', एकदम भारी बूट. क्रियापदाकडेही लक्ष दे. 'एस पाद्रे' म्हणजे तो कुणाचा तरी बाप आहे किंवा चर्चमधला पाद्री आहे. 'एस्ता पाद्रे' म्हणजे भारी आहे. मध्ये 'मुय' आलं की 'एस'सुद्धा भारीच्या बाजूला जातं: 'एस मुय पाद्रे' म्हणजे फार छान आहे. कुणी फार बाप असू शकत नाही, म्हणून गोंधळ होत नाही. 'मि पापा एस मुय पाद्रे' हा तिथला पोराटोरांचा विनोद तुला एकदा तरी ऐकायला मिळेल. आणि जेवणाला मुळात पाद्रे म्हणायचं कारण नव्हतं. जेवण 'रिका' (चविष्ट) असतं, 'रिकीसिमा' (फारच चविष्ट) असतं. घरमालकीणबाईंना तेवढं पुरेल.

तुझ्या सहकाऱ्याने याच्या जोडीला आणखी एक नियम सांगितला असेल, कारण परदेशी माणसाला तो सगळेच सांगतात: पाद्रे म्हणजे चांगलं आणि माद्रे म्हणजे वाईट. मग त्यावरून बायकांच्या वाट्याला भाषेतसुद्धा वाईटच कसं येतं यावर चर्चा होते. चर्चेत तथ्य आहे, नियमात नाही. 'के पोका माद्रे!' म्हणजे काय निर्लज्जपणा हा! शब्दशः 'केवढीशी आई'. पण 'एस्ता दे पोका माद्रे' म्हणजे एक नंबर, झकास. तेच दोन शब्द, फक्त आधी 'एस्ता दे' लागलं आणि शिव्याशापाचं कौतुक झालं. 'नो तिएने माद्रे', म्हणजे 'त्याला आई नाही', हे माणसाबद्दल असेल तर बहुतेक वेळा तो नालायक. कुणाच्या नव्या मोटरसायकलबद्दल असेल तर तिला तोड नाही. 'आ तोदा माद्रे' म्हणजे मस्त चाललंय, मस्त माणूस आहे. तेव्हा चांगलं की वाईट हे शब्दात शोधू नकोस. त्याच्या आजूबाजूला बघ.

आजूबाजूला म्हणजे कुठे? मी माझ्या विद्यार्थ्यांना एक खूण सांगते. आई मापता येत नाही. त्यामुळे 'माद्रे'च्या आधी 'पोका' (थोडी), 'तोदा' (सगळी) असं माप आलं की तिथे आई नाही. 'एसा माद्रे' असं बोट दाखवलं जात असेल तर तिथेही नाही. 'पासामे एसा माद्रे' म्हणजे 'ते हे दे रे इकडे'. वस्तूचं नाव आठवत नाही, किंवा आठवतं पण घ्यायचा कंटाळा आहे. तुझ्या प्लान्टवर पाना, नट, गेज, सेन्सर, काहीही 'एसा माद्रे' असू शकतं. त्याची नजर कुठे आहे ते बघूनच द्यावं लागतं. 'उना माद्रे' तेवढं फसवं आहे. ती कधी 'एक वस्तू' असते आणि कधी खरोखर एक आई: 'उना माद्रे सोल्तेरा' म्हणजे एकटीने मूल वाढवणारी. दुसरी खूण म्हणजे 'ला' (ती), 'मि' (माझी), 'सु' (तुमची) काहीच नाही आणि क्रियापदाला नुसतं उघडं 'माद्रे' चिकटलंय. 'मे वाले माद्रे', मला काडीचा फरक पडत नाही. 'नी माद्रेस', मुळीच नाही, गेलास उडत. खुणाच आहेत या, कायदा नव्हे. 'से पार्तिओ ला माद्रे' यात 'ला' आहे, तरी त्यात आई नाही. माणूस जबरदस्त आपटला आहे.

'नी माद्रेस'वरून आठवलं. 'नी मोदो' हा वेगळा प्रकार आहे आणि नवखी माणसं दोन्हींची गल्लत करतात. 'नी मोदो' म्हणजे 'आता काय करणार', 'चालायचंच'. पाऊस आला, नी मोदो. गाडी चुकली, नी मोदो. मेक्सिकन स्वभावाचं निम्मं शहाणपण या दोन शब्दांत आहे आणि ते कुणासमोरही बोलता येतात. आता समज, वरिष्ठांनी विचारलं, 'शनिवारी येशील ना?' तुला म्हणायचं होतं 'येतो, काय करणार' आणि तोंडातून निघालं 'नी माद्रेस'. उरलेला आठवडा खुलासे करण्यात जाईल.

बाकी 'माद्रे' अगदी साधीसरळही असते आणि तिथे कुणी हसत नाही. संगणकातला मदरबोर्ड मेक्सिकोत 'तार्हेता माद्रे'. मूळपेशी 'सेलुला माद्रे'. मठातली मुख्य जोगीण 'माद्रे सुपेरिओरा'. तुझ्याच राज्याच्या उत्तरेला जी सिएर्रा गोर्दा आहे, हाल्पानची मिशन चर्चं आहेत तो डोंगराळ भाग, तीही सिएर्रा माद्रे ओरिएंतालचाच हिस्सा. (सुट्टीत जाऊन ये. ती पाच चर्चं २००३ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत, आणि रस्ता इतका वळणांचा आहे की पोट हलकं ठेवूनच नीघ.) स्पॅनिशमध्ये नदीच्या पात्रालाही माद्रे म्हणतात. 'सालीर्से दे माद्रे' म्हणजे नदीने पात्र सोडणं, आणि माणसाने ताळतंत्र सोडणं. 'देस्माद्रे' या शब्दाकडे त्या अंगाने पाहिलं की तो चटकन लक्षात राहतो: गोंधळ, धिंगाणा, कधी नकोसा, कधी रात्रभर हवाहवासा. बाकी कुटुंब मारामारीचं: 'माद्रासो' म्हणजे दणका, 'माद्रिसा' म्हणजे चोप. शॉप फ्लोअरवर कुणी डोकं धरून 'मे दि उन माद्रासो' म्हणाला तर व्याकरण बाजूला ठेव आणि प्रथमोपचाराची पेटी आण.

आता मुकादम. तुझ्या पत्रातलं खरं दुखणं तेच आहे, जेवणाचं प्रकरण नुसतं हसण्यावारी जाण्यासारखं होतं.

मेक्सिकोत समोरच्याच्या आईला सहसा 'तु माद्रे' म्हणत नाहीत. 'तु मामा' म्हणतात, आणि मोठ्या किंवा मानाच्या माणसाशी बोलताना 'सु मामा'. कारण 'तु माद्रे' हे दोन शब्द एका वाक्याचा शेवट आहेत. त्या वाक्याची सुरुवात ज्या क्रियापदाने होते ते मी इथे छापत नाही. तू प्लान्टवर आहेस, म्हणजे तुला ते ठाऊक आहे. वाक्य इतकं सर्वज्ञात आहे की पूर्ण करायची गरजच उरत नाही. स्पॅनिशमध्ये या शिवीला 'मेंतादा दे माद्रे' म्हणतात, म्हणजे 'आईचा उल्लेख'. उल्लेख केला एवढंच म्हटलं तरी शिवी दिली असं समजतात. सभ्य वर्तमानपत्रं तर लिहितात की अमक्याने तमक्याला 'त्याच्या जन्मदात्रीची आठवण करून दिली', आणि वाचक मनातल्या मनात मूळ मजकूर भरून घेतात. तू भल्या मनाने उल्लेख केलास. बाजूचे दोघं ओरडले ते तुझ्यावर नव्हे, आयता चेंडू मिळाला म्हणून. मुकादम हसला नाही, कारण त्याची आई खरोखर आजारी होती.

त्याला पुन्हा गाठ, एकटा असताना, आणि विचार: 'कोमो सिगे सु मामा?' आजारी माणसाची विचारपूस 'सिगे'ने करतात. 'सु' म्हण, 'तु' नको. तो वयाने मोठा असेल आणि तू परका इंजिनीअर आहेस, तेव्हा 'उस्तेद'मध्ये, म्हणजे आपल्या 'तुम्ही'त, राहिलास तर बिघडत काही नाही. अगदी खानदानी व्हायचं असेल तर 'सु सेन्योरा माद्रे' आहे, आपलं 'आपल्या मातोश्री'. गंमत बघ, 'सेन्योरा' मध्ये आली की माद्रे पुन्हा आदरणीय होते. 'मामा' म्हणताना जोर शेवटच्या 'मा'वर दे. जोर पहिल्यावर गेला तर त्याचा अर्थ स्तन होतो, आणि तुझी आजवरची कीर्ती पाहता तो धोका पत्करू नये. आणि घरी फोनवर तू तुझ्या मामाशी गप्पा मारतोस तेव्हा आजूबाजूचे काय समजत असतील, ते तुझं तू बघ.

'हेफा'ही ऐकून ठेव. शब्दशः ती वरिष्ठ बाई, बॉस. पण मेक्सिकन पोरं आईला 'मि हेफा' म्हणतात, लाडाने 'हेफेसिता'. कुणी 'हेफाने बोलावलंय' म्हणून लवकर निघाला तर बैठक आहे की घरी गॅस सिलिंडर संपलाय, हे विचारून घे.

गाडी चालवत असशील तर आणखी एक. हॉर्न ठरावीक तालात, पाच ठोक्यांत वाजवू नकोस. त्या शिवीची पाच अक्षरं त्याच ठेक्यात बसतात. मेक्सिकोत ती हॉर्नने देतात, शिट्टीने देतात, दारावर टकटक करूनही देतात. पुण्यात आपण उगाच ताल धरून हॉर्न वाजवतो. तिथे त्या तालाला शब्द आहेत.

तुझा तिसरा प्रश्न, आईवर शिव्या आणि आईची पूजा एकत्र कशी. मेक्सिकन कवी ओक्ताव्हिओ पास यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्या न छापलेल्या क्रियापदाचा माग काढत थेट स्पॅनिश आक्रमणापर्यंत मजल मारली. आक्रमक स्पॅनिश फौजेचा सेनानी कोर्तेस, त्याची दुभाषी मालिन्चे, जबरदस्तीतून जन्मलेलं राष्ट्र. (हेच पास पुढे १९६२ ते १९६८ दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते.) वाचायला विलक्षण आहे. पण नट सापडत नाही म्हणून 'एसा माद्रे कुठेय' म्हणणारा फिटर मनात कोर्तेसचा हिशेब चुकता करतोय, हे मला पटत नाही. मला उत्तर जास्त साधं वाटतं. जी गोष्ट सर्वांत मोलाची, तिच्यावरूनच शिवी लागते. आईचं मोल नसतं तर तिचा उल्लेख झाल्याने कुणाचं डोकं फिरलं असतं? आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? आईची शपथ आपण घेतो आणि शिवीही तिच्यावरूनच देतो.

मेक्सिकोत मातृदिन ठरलेल्या तारखेला असतो, १० मे, मग वार कुठलाही असो. १९२२ साली 'एक्सेल्सिओर' या दैनिकाने, त्याचे संस्थापक राफाएल आल्दुसिन यांच्या पुढाकाराने, त्याची मोहीम चालवली आणि तो दिवस असा रुजला की त्या दिवशी उपाहारगृहात जागा मिळत नाही, मारियाची, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची पथकं पहाटेपासून दारोदार फिरतात आणि कचेऱ्या दुपारीच ओस पडतात. राजधानीत आईचं भलंमोठं स्मारक आहे, १० मे १९४९ ला उद्घाटन झालेलं. त्यावर कोरलंय: 'आपली ओळख होण्याआधीच जिने आपल्यावर प्रेम केलं, तिला'. १९ सप्टेंबर २०१७ च्या भूकंपात त्यातला आईचा पुतळा कोसळला. तो पुन्हा उभा केला. आणि त्या दिवसाचं नाव काय? 'दिया दे लास माद्रेस'. तिथे माद्रे म्हणायला कुणाचीही हरकत नाही.

एक वाक्य मात्र या सगळ्याच्या पलीकडे गेलं, आणि ते तुला ठाऊक असायला हवं. 'एस्तोय आस्ता ला माद्रे'. मी वैतागलोय, आता गळ्याशी आलंय. खोली माणसांनी खच्चून भरली असेल तरी 'आस्ता ला माद्रे'. शिष्ट घरात मुलांना बोलू देणार नाहीत असं हे वाक्य. मार्च २०११ मध्ये मोरेलोस राज्यात कवी हाविएर सिसिलिया यांच्या तरुण मुलाचा, हुआन फ्रान्सिस्कोचा, खून झाला. अमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध सरकारने पुकारलेलं युद्ध तेव्हा जोरात होतं. पुढच्याच महिन्यात सिसिलियांनी राजकारण्यांना आणि गुन्हेगारांना उद्देशून उघडं पत्र लिहिलं, आणि त्यात एकच वाक्य पुनःपुन्हा येत होतं: 'एस्तामोस आस्ता ला माद्रे'. मे महिन्यात कुएर्नावाकाहून राजधानीपर्यंत लोक चालत गेले, तेव्हा हे शब्द फलकांवर होते. ते हातात धरून चालणाऱ्यांत मुलं गमावलेल्या आयाही होत्या. रस्त्यावरची भाषा म्हणून नाक मुरडलं जाणारं वाक्य एका कवीने मुद्दाम उचललं; सभ्य स्पॅनिशमध्ये त्या तोडीचं काही नव्हतं. म्हणून 'हे सगळं सोडून पुस्तकी बोलू का' या तुझ्या प्रश्नाचं उत्तर देताना मी दोन वेगळी उत्तरं देते. बोलताना खुशाल पुस्तकी राहा. ऐकताना राहिलास तर ज्या देशात राहतोस तो देश तुला अर्धाच ऐकू येईल.

बोलायचीच हौस असेल तर मेक्सिकन लोकांनी स्वतःच वाट काढून ठेवली आहे. आपण जशी 'आयच्या गावात' काढली, तशी. 'आ तोदा माद्रे'चं सोवळं रूप 'आ तोदो दार'. 'मे वाले माद्रे'चं नुसतं 'मे वाले', किंवा 'मे वाले गोर्रो', म्हणजे टोपीइतकी किंमत. 'के पोका माद्रे'चं 'के पोका', पुढचं ऐकणाऱ्यावर सोडून द्यायचं. ही तुझ्यासारख्याला सोयीची. त्यातही 'मे वाले' कामाच्या ठिकाणी तोंडातून काढू नकोस. शब्द सोवळा असला तरी बेफिकिरी तीच राहते, आणि बाहेरून आलेल्या इंजिनीअरची बेफिकिरी कुणाला गोड लागत नाही.

सोवळ्यापलीकडचं कधी? तुझ्याशी तसं बोलणारा माणूस भेटेल तेव्हा, त्याच्याशीच, आणि त्याने जेवढं वापरलं तेवढंच. तुझ्या हाताखालच्या लोकांशी तर अजिबात नको. ते आपसात बोलतात ते बरोबरीचं नातं असतं. तू बोललास की त्याचं 'साहेब शिवी देतो' असं होतं. बायकांसमोर बोलू नये वगैरे तुला सांगतील. तिथल्या बायका ही भाषा किती सफाईने वापरतात ते थोड्याच दिवसांत कळेल, पण त्या वापरतात म्हणून तुला परवानगी मिळाली असं नाही.

शब्दकोश हवा असेल तर कोलेहिओ दे मेहिको या संशोधनसंस्थेने केलेला मेक्सिकोच्या स्पॅनिशचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. लुइस फेर्नांदो लारा यांच्या देखरेखीखाली काही दशकं खपून केलेलं काम आहे ते. त्यात 'माद्रे' काढ. जन्मदात्रीपासून सुरू होणारी ती नोंद वाचता वाचता कुठल्या कुठे जाते, आणि असभ्य वापरापुढे तशी खूणही केलेली असते. त्या खुणा अर्थांपेक्षा जास्त लक्ष देऊन वाच. माद्रिदच्या अकादमीचा कोशही उत्तम, पण तो वीसेक देशांचा संसार एकटा बघतो, त्यामुळे केरेतारोच्या प्लान्टवरची नाडी त्याला तितकी सापडत नाही.

आणि एक वही कर. अर्थ लिहू नकोस. ऐकलेलं पूर्ण वाक्य लिही, कोण कुणाला म्हणाला ते लिही, मग ऐकणारा हसला की तापला ते लिही. अर्थ आपोआप कळत जातो. तुला 'च्यायला'चा अर्थ तरी कुणी कधी सांगितला होता?

राहता राहिले तुझे साहेब. ते प्लान्टवर आलेत, कन्व्हेयर थांबलाय आणि मुकादम हात झटकून म्हणतो, 'या वालिओ माद्रे'. हे तू नक्की ऐकणार आहेस, म्हणून आत्ताच ठरवून ठेव. 'वालेर' म्हणजे एरवी किंमत असणं, पण इथे किंमतीचं काही नाही आणि आईचं तर नाहीच. 'मे वाले'मध्ये बोलणाऱ्याला फिकीर नसते. 'या वालिओ'मध्ये फिकीर आहे, उपाय संपलाय. मोटर जळली, बेअरिंग गेलं, नाहीतर संध्याकाळची डिलिव्हरी हुकली. मुकादमाला लगेच विचार: 'के से देस्कोम्पुसो?', काय बिघडलं, आणि 'एन कुआंतो तिएम्पो केदा?', किती वेळात होईल. साहेबांना ही दोन उत्तरं दे. त्यांच्या कानावर 'माद्रे' पडलीच आणि त्यांनी विचारलं, की तो आईवरून काहीतरी म्हणाला का, तर सांग, 'नाही सर, मशीनची वाट लागली म्हणतोय.'